बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, डॉ.

महाराष्ट्र राज्याच्या मराठवाडा विभागातील पहिले विद्यापीठ. स्थापना औरंगाबाद येथे २३ ऑगस्ट १९५८ रोजी ‘मराठवाडा विद्यापीठ’ या नावाने झाली व उद्‌घाटन तत्कालीन पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. १४ जानेवारी १९९४ पासून ते ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ या नावाने ओळखले जाते. औरंगाबाद शहराचे व जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर असे झाले. प्रस्तुत नोंदीत त्यापूर्वीच्या घटनांच्या संदर्भात जुनेच नाव योजिले आहे. विद्यापीठाचा परिसर शहराच्या उत्तरेस, औरंगाबाद लेण्यांच्या डोंगरपायथ्याशी असून त्याचे क्षेत्रफळ सु. २९३ हेक्टर (सु. ७२५ एकर) आहे. बीबी का मकबरा व सोनेरी महाल या ऐतिहासिक वास्तू त्याच्या निकट आहेत.

पार्श्वभूमी : मराठवाडा हा निजामाच्या हैदराबाद संस्थानचा मराठीभाषक भाग होता. संस्थानात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. भारतीय भाषेतून सर्व विषयांचे उच्च शिक्षण देण्याचा तो एक महत्त्वाचा आरंभीचा प्रयोग होय. परंतु त्याचे माध्यम उर्दू असल्याने मराठी, तेलुगू व कन्नड भाषकांच्या दृष्टीने उच्च शिक्षण हे परभाषेतीलच राहिले. औरंगाबाद येथे १९२३ मध्ये उस्मानिया विद्यापीठाचे इंटरमीजिएट महाविद्यालय निघाले. उर्दूचे नामांकित विद्वान मौलवी अब्दुल हक हे त्याचे प्राचार्य होते. इंटरमीजिएटनंतरच्या शिक्षणासाठी मात्र विद्यार्थ्यास हैदराबादला किंवा संस्थानाबाहेर पुणे, मुंबई, नागपूर येथे जावे लागे. परगावी राहण्याचा खर्च सोसू शकणाऱ्या मोजक्या कुटुंबांपुरतेच पदवीचे शिक्षण त्यामुळे मर्यादित राहिले.

शिक्षण व राजकीय हक्क यांचा संबंध या प्रदेशात लवकरच स्पष्ट झाला. १९३८ मध्ये औरंगाबादच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरील बंदीस विरोध केला. हा लढा पुढे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात व अन्यत्रही पसरला. महाविद्यालयांतून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. त्यांपैकी अनेकजण पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद मुक्तिसंग्रामात सहभागी झाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपुष्टात आली. त्यानंतर उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले. तथापि मराठवाड्यातील महाविद्यालये त्याच विद्यापीठाशी संलग्न राहिली.

मिलिंद महाविद्यालय : स्वतंत्र विद्यापीठाची मागणी प्रत्यक्षात येण्यापूर्वीच त्याची भूमी औरंगाबादेत तयार झाली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली व १९४६ मध्ये मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय काढले. त्यानंतरच्या कार्यासाठी त्यांनी औरंगाबादची निवड केली. शिक्षणाच्या दृष्टीने अत्यंत मागासलेला प्रदेश आणि त्यातही शिक्षणापासून सर्वाधिक दूर राहिलेला अस्पृश्य समाज, हे या निवडीमागील प्रमुख कारण होते. १९५० मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. ग्रीक राजा मिलिंद (मिनँडर) व बौद्ध भिक्षू नागसेन यांच्या प्रसिद्ध संवादावरून महाविद्यालयास ‘मिलिंद’ व परिसरास ‘नागसेनवन’ ही नावे देण्यात आली. म. भि. चिटणीस हे पहिले प्राचार्य होते. महाविद्यालय सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुले होते. खेड्यापाड्यांतून आलेल्या दलित विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तेथील वसतिगृहे व सरकारी शिष्यवृत्त्या या गोष्टी निर्णायक ठरल्या.

नांदेड येथील पीपल्स महाविद्यालय (१९५०) व अंबाजोगाई येथील योगेश्वरी महाविद्यालय (१९५६) ही मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांच्या प्रेरणेने उभी राहिली. औरंगाबादेत १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले.

स्थापना : राज्यपुनर्रचनेनुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. महाविद्यालये एका राज्यात आणि त्यांचे विद्यापीठ दुसऱ्या राज्यात, अशी विसंगती त्यामुळे निर्माण झाली. स्वतंत्र विद्यापीठाच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी शासनाने न्या. पळणिटकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली व तदनंतर १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाचा कायदा संमत झाला. मुंबई विद्यापीठाचे माजी कुलसचिव सुं. रा. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू होते. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांपुरते विद्यापीठाचे कार्यक्षेत्र होते.

लढ्याचे फलित म्हणून विद्यापीठ लाभल्याचे उदाहरण इतरत्रही आढळते. नेदर्लंड्समधील लायडन शहराने स्पॅनिश सैन्याचा वेढा निर्धाराने सोसला. १५७४ मध्ये वेढा उठल्यानंतर विल्यम ऑफ ऑरेंज याच्या पुढाकाराने १५७५ मध्ये तेथे विद्यापीठ स्थापन झाले. उत्तर नेदर्लंड्समधील ते पहिले विद्यापीठ असून ‘स्वातंत्र्याचा बालेकिल्ला’ या अर्थाचे त्याचे बोधवाक्य आजही प्रचारात आहे. दोहोंच्या रचनेत मात्र मूलभूत फरक आहे. लायडनमध्ये अध्यापन व संशोधन विद्यापीठातच होते. हायका कामर्लिंग ऑनेस यांनी १९०८ मध्ये हेलियमचे द्रवीकरण केले ते तेथील विद्यापीठाच्याच प्रयोगशाळेत. भारतातील मुंबई, कलकत्ता व मद्रास ही १८५७ ची विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभारली गेली. त्यांत पदवीचे अध्यापन संलग्न महाविद्यालयांत होई आणि अभ्यासक्रम, परीक्षा व पदवीदान ही विद्यापीठाची मुख्य कामे असत. मराठवाडा विद्यापीठ याच परंपरेतील, परंतु स्वतःचे पदव्युत्तर विभाग असलेले, संलग्नक विद्यापीठ होय. त्यामुळे परीक्षांचा मोठा व्याप सांभाळून संशोधनाचा दर्जा राखणे, हा त्याच्यापुढील नित्याचा प्रश्न राहिला आहे.

विस्तार : स्थापनेनंतरच्या दशकात महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली. औरंगाबादचे देवगिरी महाविद्यालय व शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (दोन्ही १९६०), लातूरचे दयानंद महाविद्यालय (१९६१), औरंगाबादची सरस्वती भुवन व मौलाना आझाद ही महाविद्यालये (दोन्ही १९६३) या काळातील होत. १९५९ पासून आर्थिक दृष्ट्या मागास कुटुंबांतील विद्यार्थ्यांना मिळालेल्या शुल्कमाफीचाही या वाढीस हातभार लागला. पुढे महाविद्यालये तालुक्याच्या व बाजारपेठेच्या गावांपर्यंत पोहोचली. बीड मार्गावरील पाचोड (ता. पैठण) हे याचे एक उदाहरण होय. ज्या गावातील मुलास पूर्वी पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे, त्याच गावात पदवीचे वर्ग भरू लागले. विशेषतः घरापासून दूर ठेवण्यास पालक राजी नसलेल्या मुलींच्या शिक्षणास हे सान्निध्य उपकारक ठरले.

शिक्षणाच्या प्रसाराबरोबर सुशिक्षितांच्या बेकारीचा व प्रादेशिक असमतोलाचा प्रश्नही तीव्र झाला. १९७४ मधील मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी अग्रभागी होते.

विद्याव्यासंग : मराठी विभागाची उभारणी समीक्षक वा. ल. कुलकर्णी यांनी केली. संतसाहित्य व महानुभाव वाङ्मय यांचे अभ्यासक यू. म. पठाण हे त्यांच्यानंतरचे एक प्रमुख विभागप्रमुख होत. कादंबरीकार व समीक्षक भालचंद्र नेमाडे यांनी इंग्रजी विभागात अध्यापन केले. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. ना. वानखेडे यांच्या प्रेरणेने नागसेनवनात दलित साहित्याची चर्चा आकारास आली. गंगाधर पानतावणे यांनी संपादित केलेले अस्मितादर्श हे नियतकालिक १९६० नंतरच्या दशकात औरंगाबादहूनच निघू लागले. पानतावणे पुढे विद्यापीठाच्या मराठी विभागात प्राध्यापक होते. मराठी साहित्यातील एका प्रभावी प्रवाहाचे हे केंद्र विद्यापीठाच्या निकट असणे हा केवळ योगायोग नव्हे. पदवीपर्यंत पोहोचलेल्या पहिल्या दलित पिढीला लेखनाची साधने व वाचकवर्ग येथेच लाभला.

अजिंठा, वेरूळ, पैठण व देवगिरी यांच्या सान्निध्यामुळे इतिहास व पुरातत्त्व या विषयांना येथे नैसर्गिक क्षेत्र मिळाले. भोकरदन (प्राचीन भोगवर्धन) येथे नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी संयुक्तपणे केलेल्या उत्खननाचा अहवाल शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी सिद्ध केला. या उत्खननाने सातवाहनकालीन नगरजीवनावर व व्यापारावर प्रकाश टाकला. विद्यापीठाच्या परिसरात इतिहास वस्तुसंग्रहालय आहे. भौतिक, रासायनिक व जीवशास्त्रीय विषयांबरोबरच उर्दू, संस्कृत, पाली व बौद्धविद्या, ग्रंथालयशास्त्र, वृत्तपत्रविद्या यांचेही विभाग आहेत. नाट्यशास्त्र विभागाची धुरा आरंभी कमलाकर सोनटक्के यांनी वाहिली. मराठवाड्यातील अनेक रंगकर्मींची जडणघडण या विभागात झाली.

नामांतराचा प्रश्न : मराठवाड्यातील शिक्षणप्रसाराच्या कार्याबद्दल विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव द्यावे, अशी मागणी दलित संघटना व पुरोगामी कार्यकर्ते यांनी केली. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव संमत केला. त्यानंतर लगेच मराठवाड्यात हिंसाचार उसळला. अनेक गावांत दलितांची घरे जाळण्यात आली, माणसे मारली गेली आणि असंख्य कुटुंबे निराधार झाली. नांदेड जिल्ह्यातील पोचिराम कांबळे यांची हत्या ही त्यांतील विशेष निर्घृण घटना होय. परिणामी ठरावाची अंमलबजावणी लांबणीवर पडली.

‘मराठवाडा’ हे नाव मुक्तिसंग्रामाचे व प्रदेशाच्या अस्मितेचे द्योतक असून ते पुसले जाऊ नये, असे विरोधकांपैकी काहींचे प्रतिपादन होते. त्यांत मुक्तिसंग्रामातील मान्यवर व्यक्तींचाही समावेश होता. नामांतरवाद्यांच्या मते प्रदेशाच्या अस्मितेत दलितांचे स्थान कोणते, हाच खरा प्रश्न होता. ज्यांची घरे जळाली त्यांपैकी बहुतेकांचा विद्यापीठाशी प्रत्यक्ष संबंधही नव्हता. नावाचा वाद हा वस्तुतः गावातील सामाजिक श्रेणी व शिक्षणाने आलेले स्थित्यंतर यांच्यामधील संघर्ष होता, हे यावरून दिसते. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे पदयात्रा (लाँग मार्च) निघाली. त्यानंतरही सत्याग्रह, मोर्चे व अटका चालूच राहिल्या. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे या कार्यकर्त्याने नांदेड येथे आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी मुख्यमंत्री शरद पवार यांच्या शासनाने मूळ नाव कायम ठेवून त्यापूर्वी डॉ. आंबेडकरांचे नाव जोडले. या तडजोडीस ‘नामविस्तार’ म्हणतात. दरवर्षी या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी मोठा जनसमुदाय अभिवादनासाठी जमतो.

कार्यक्षेत्र व प्रशासन : कृषी शिक्षणासाठी परभणी येथे १९७२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ निघाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर नांदेड, परभणी व लातूर हे जिल्हे त्याच्याकडे गेले. सांप्रत छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) हे चार जिल्हे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात असून संलग्न महाविद्यालये चारशेहून अधिक आहेत. धाराशिव येथे २००४ पासून उपपरिसर आहे. राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती असून कुलगुरू हा प्रमुख शैक्षणिक व कार्यकारी अधिकारी असतो. १९५८ च्या कायद्याची जागा प्रथम १९७४ च्या व नंतर १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने घेतली. सध्याचा कारभार महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याअन्वये चालतो. अधिसभा, व्यवस्थापन परिषद व विद्या परिषद ही प्रमुख प्राधिकरणे होत.

अवर्षणप्रवण, शेतीप्रधान प्रदेशातून येणारे व घराण्यात प्रथमच महाविद्यालयात पाऊल ठेवणारे विद्यार्थी हा या विद्यापीठाचा मुख्य विद्यार्थिवर्ग राहिला आहे. दुष्काळाच्या वर्षी परीक्षा शुल्क माफ करण्याची मागणी येथे वारंवार पुढे येते, ती याच कारणाने.