सुताचा शंभरावा हिस्सा

दिल्लीतील एखादी जुनी मोटार निळसर धूर ओकू लागली, तेल पिऊ लागली आणि उड्डाणपुलाच्या साध्या चढावर धापा टाकू लागली, म्हणजे मालकाच्या यथाशक्ती चालढकलीनंतर तिचे इंजिन उतरविले जाते, आणि त्याचा ओतीव लोखंडाचा ब्लॉक सायकलरिक्षात आडवा पडून मोरी गेट किंवा काश्मीरी गेट भागातील एखाद्या बोअरिंगच्या दुकानी दाखल होतो. तीस हजारीच्या कचेऱ्यांसमोर, मराठी माणसाला नावानेच जवळचे वाटावे असे जे गोखले मार्केट आहे, तेथपासून काश्मीरी गेटपर्यंत मोटारीच्या सुट्या भागांचा अफाट बाजार पसरला आहे. त्यात पिस्टन, रिंगा, बेअरिंगे विकणारे पुष्कळ. परंतु ज्यांच्या कसबावर त्या मालाचे सार्थक अवलंबून असते ते बोअर करणारे कारागीर मात्र आतल्या गल्ल्यांत, दुकानापेक्षा बोळ म्हणणेच अधिक उचित ठरेल अशा अंधाऱ्या जागी, तेलकट लाकडी बाकांशी काम करताना आढळतात. अशाच एका दुकानात एका वयस्क उस्तादांच्या शेजारी बसून हे काम मी पाहिले.

सिलिंडर झिजतो तो सर्वत्र सारखा झिजत नाही. पिस्टन वरच्या टोकाशी क्षणभर थबकून परत फिरतो, तेथे तेलाचा पातळ थर तुटतो आणि ज्वलनाचा दाबही तेथेच सर्वाधिक असतो. म्हणून वरच्या रिंगेच्या जागी झीज फार आणि तळाशी जवळजवळ नाहीच, असा प्रकार होतो. शिवाय पिस्टन ज्या बाजूस रेटला जातो ती बाजू अधिक खाल्ली गेल्यामुळे मूळचे वर्तुळ हळूहळू लंबवर्तुळाकडे झुकते. उस्ताद प्रथम नखानेच वरची कड चाचपतात, आणि नखाच्या या प्राथमिक चौकशीनंतर मग डायलचा बोअर गेज आत सोडून, वर, मध्ये, खाली, आडवा, उभा अशी मापांची जबानी खडूने ब्लॉकच्या पाठीवरच लिहून घेतात. त्या दिवशी पुढ्यात होता तो मारुती ८०० चा ब्लॉक. १९८३ च्या डिसेंबरात गुडगावच्या कारखान्यातून जी पहिली मोटार बाहेर पडली तिच्याच कुळीचा, ६८.५ मिलिमीटर व्यासाचे तीन सिलिंडर आणि पिस्टनची धाव ७२ मिलिमीटर, ज्यांचा गुणाकार करून पाहिला असता ७९६ घन सेंटिमीटर हा परिचित आकडा हाती येतो. झीज पाहता पाव मिलिमीटर मोठा पिस्टन पुरेल, असा निर्णय झाला; तोही पुरला नाही तर अर्धा मिलिमीटर, आणि त्यापलीकडे भिंत फार कापण्याची मुभा नाही.

आता पाव मिलिमीटर म्हणजे सामान्य माणसाच्या हिशेबी काहीच नव्हे. परंतु पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलासाठी जी मोकळीक ठेवावयाची ती अशा लहान इंजिनात तीन-चार शतांश मिलिमीटरांची असते. म्हणजे सुतार-लोहार ज्या इंचाच्या आठव्या हिश्श्याला सूत म्हणतात, त्या सुताचे शंभर भाग केले असता त्यांतला साधारण एक. यापेक्षा कमी राहिली तर तापलेला पिस्टन फुगून भिंतीला धरतो, आणि अधिक राहिली तर इंजिन थंडीत खडखडते. तेव्हा पात्याने जे कापावयाचे त्याचा अंदाज पाव मिलिमीटरचा असला, तरी चूक करण्याची मोकळीक त्याच्या दहाव्या भागाइतकीही नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढचे काम पाहिले पाहिजे.

बोअरिंगचे यंत्र ब्लॉकच्या माथ्यावर बसवून आवळले जाते. त्याचा दंड सिलिंडरात उतरविल्यावर त्यातून तीन लहान बोटे एकदम बाहेर सरकतात व भिंतीला टेकून दंडाला मध्यावर आणतात. हे मध्य शोधणे वर न करता तळाशी करावयाचे, कारण तळच तेवढा मूळच्या जागेचा खरा साक्षीदार उरलेला असतो. यानंतरचा भाग मात्र मला सर्वाधिक रम्य वाटला. पाते हे एका बोटभर लांबीच्या पोलादी धारकात बसविलेले असते, आणि त्या धारकाच्या पाठीशी एक बारीक आट्यांचा पेच असतो. उस्ताद तो धारक दंडातून काढतात, त्याच यंत्राबरोबर आलेल्या एका विशिष्ट मायक्रोमीटरच्या खोबणीत ठेवतात, मायक्रोमीटरवर हवा तो व्यास लावतात, आणि मग पाठीचा पेच फिरवून पात्याचे टोक मायक्रोमीटरच्या तोंडाला नेमके भिडवितात. भिडले की कुलपाचा पेच आवळावयाचा, आणि धारक पुन्हा दंडात.

सांगावयास हे इतकेच आहे. परंतु उस्तादांचा हात पाहिला असता त्यातील एक शिरस्ता सहज नजरेत भरतो. टोक चुकून किंचित पुढे गेले, तर ते तेवढेच मागे घेऊन थांबत नाहीत; पेच पुरता अर्धा फेरा उलटा फिरवून पाते बरेच मागे नेतात, आणि पुन्हा पुढे येत येत माप गाठतात. मी विचारले तेव्हा मान न वळविता ते म्हणाले, "लौटते में इसका भरोसा नहीं, भाईसाहब." कारण उघड आहे. पेचाचे आटे आणि त्यावरील चाकीचे आटे यांच्यात कितीही काळजी घेतली तरी केसाएवढी मोकळीक राहतेच, नाही तर पेच फिरणारच नाही. पुढे जाताना आट्याची एक बाजू टेकलेली असते. उलटे फिरविताच ती सुटते, आणि दुसरी बाजू टेकेपर्यंत पेच फिरतो पण पाते जागचे हलत नाही. पेच सांगतो की मी मागे आलो, पाते मात्र होते तेथेच. ही खोटी साक्ष टाळण्याचा एकच उपाय, की माप नेहमी एकाच दिशेने गाठावे. आणि तेथेही काम संपत नाही. कुलूप आवळताना त्या आवळण्यानेच पाते एखाद-दुसरा शतांश सरकते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मायक्रोमीटरला लावून पाहणे आलेच. सूक्ष्म हालचाल साधण्यापेक्षा ती साधल्यानंतरचे स्थैर्य टिकविणे हेच या धंद्यात अधिक दुष्कर आहे, असे माझे मत या दुकानातच बनले आणि पुढे जे पाहिले त्याने ते दृढ झाले.

मोरी गेटपासून जंतरमंतर फार दूर नाही. सवाई जयसिंहाने मुहम्मदशहाच्या अमदानीत, १७२४ च्या सुमारास, चुनादगडांत ही वेधशाळा उभारली, तिच्यामागे नेमके याच गाऱ्हाण्याचे कारण होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. पितळी यंत्रे लहान, त्यांवर कलांचे विभाग पाडता येत नाहीत, त्यांचे आस झिजतात व डळमळतात, वर्तुळांचे मध्य सरकतात, अशी तक्रार त्याच्या ज्योतिषविषयक ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद आहे. त्याने काढलेली तोड राजाला शोभेल अशीच होती: आसच ठेवावयाचा नाही, आणि यंत्र एवढे प्रचंड करावयाचे की सूक्ष्म विभाग उघड्या डोळ्यांना दिसावा, म्हणून सम्राट यंत्राची भिंत सुमारे ७० फूट वर गेली. उस्तादांपुढील समस्या तीच. फक्त त्यांना ती सिलिंडराच्या आत, मुठीएवढ्या जागेत सोडवावयाची असल्यामुळे आस काढून टाकण्याची चैन परवडत नाही. आट्यांचा पेच हा असा आहे की तो लहानशा अंतराला लांबच लांब गोल गुंडाळून ठेवतो, आणि म्हणूनच ७० फुटांची भिंत न बांधताही शतांश वाचता येतो. त्याच्या मोबदल्यात तो जी मोकळीक आणतो तिचा बंदोबस्त मात्र कारागिराने करावयाचा.

हाच बंदोबस्त मोठ्या प्रमाणावर पाहावयाचा असल्यास फरीदाबादला गेले पाहिजे. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी वसविलेल्या या शहरात १९५९ साली आयशरचा ट्रॅक्टर तयार होऊ लागला, एस्कॉर्ट्सचे कारखाने आले, आणि त्यांच्या छायेत गिअरपेट्यांची बेअरिंगघरे, पंपांची अंगे, ब्रेकचे सिलिंडर यांना नेमके बोअर करून देणारी लहानमोठी दुकाने शेकड्यांनी उभी राहिली. येथे पाते दर वेळी काढून लावणे परवडत नाही, म्हणून दंडातच एक लहान नळकांडे बसविलेले असते, त्याच्या बाहेर विभाग आखलेली चाकी, आत बारीक आट्यांचा पेच, आणि तळाशी मोकळीक एकाच बाजूला दाबून धरणाऱ्या स्प्रिंगच्या चकत्या. अमेरिकेतील डीव्लीग कंपनीने असे नळकांडे मायक्रोबोअर या नावाने प्रसिद्ध केले. कारखान्यातील लोक आता कोणत्याही कंपनीच्या मालाला सरसकट तेच नाव देतात.

या नळकांड्याच्या बसणीत एक मौज आहे. जेथे भोक आरपार नसून त्याला तळ आहे, तेथे पाते दंडाच्या टोकाच्याही पुढे यावे म्हणून नळकांडे तिरपे बसवितात, आणि हा तिरपेपणा मनास येईल तसा न ठेवता दंडाच्या अक्षाशी ५३ अंश ८ कला असा ठेवतात. प्रथम हा आकडा कोणा विक्षिप्ताने ठरविला असावा असे वाटते. परंतु हा कोन म्हणजे ३, ४, ५ या बाजूंच्या काटकोन त्रिकोणातील कोन होय, ज्या त्रिकोणाच्या ३, ४ या बाजूंची जोडी बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदीच्या आखणीसाठी दिलेली आहे. पेच तिरप्या दिशेने ५ भाग सरकला, तर पाते त्रिज्येच्या दिशेने बरोबर ४ भाग सरकते. म्हणजे समजा, आट्यांचे अंतर .६२५ मिलिमीटर घेतले, तर चाकीच्या एका फेऱ्यात त्रिज्या अर्धा आणि व्यास एक मिलिमीटर वाढतो, आणि चाकीवर पन्नास रेघा मारल्या की एक रेघ म्हणजे व्यासात दोन शतांश. पुढे व्हर्नियर लावून त्याचेही तुकडे पाडता येतात. अपूर्णांकाचा घोळ कारागिराच्या माथी न मारता तो कोनातच जिरवून टाकण्याची ही तजवीज मला फार सुज्ञ वाटली.

परंतु चाकीवरील रेघेइतकेच पाते कापते असे समजणाऱ्याची फसगत ठरलेली. दंड एका टोकाला धरलेला असल्यामुळे कापताना तो वाकतो, आणि त्याची बाहेर आलेली लांबी दुप्पट केली तर वाकणे दुपटीने नव्हे, आठ पटींनी वाढते. उलट जाडी दुप्पट केली तर ते सोळाव्या हिश्श्यावर येते. म्हणून पोलादी दंड आपल्या जाडीच्या चौपटीहून अधिक बाहेर काढू नये असा दंडक आहे. १७७५ मध्ये जॉन विल्किन्सनने वॅटच्या वाफेच्या इंजिनासाठी सिलिंडर बोअर करून दिले, तेव्हा त्याची सारी करामत हीच होती की त्याने दंड सिलिंडरातून आरपार नेऊन दोन्ही टोकांस आधार दिला. पन्नास इंची सिलिंडरात एका जुन्या शिलिंगाच्या जाडीएवढाही फरक पडला नाही, असे वॅटचा भागीदार बोल्टन मोठ्या समाधानाने कळवितो. आज ती जाडी ऐकून फरीदाबादचा तपासनीस तो माल भंगारात टाकील. दुसरी अडचण याहून चमत्कारिक: फारच थोडे कापावयाचे ठेवले, तर पात्याची धार धातूत शिरतच नाही, वरून घासत जाते, आणि दोन शतांश काढावयाचे असता कधी काहीच निघत नाही तर कधी एकदम चार निघतात. सूक्ष्मतेला अशी खालूनही सीमा आहे. म्हणून जाणता कारागीर शेवटच्या फेरीसाठी पुरेसा धातू मुद्दाम शिल्लक ठेवतो.

आणि मग दिल्लीची हवा. मापाचे सर्व आकडे जगभर २० अंश सेल्सियस तापमानाला खरे धरले जातात. पूसा येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत, जेथे देशातील लांबीचे प्रमाण सांभाळले जाते, तेथे ते काटेकोरपणे राखताही येते. फरीदाबादच्या पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात ४५ अंश, आणि जानेवारीच्या धुक्यात सकाळी यंत्राला हात लावावासा वाटत नाही. शंभर मिलिमीटरच्या पोलादी मापात २५ अंशांच्या फरकाने जवळजवळ तीन शतांशांची वाढ होते, म्हणजे आपला तोच सुताचा शंभरावा हिस्सा. ओतीव लोखंड आणि पोलादी मायक्रोमीटर जवळजवळ सारखेच फुगत असल्यामुळे जुन्या कामात ही चूक आपोआप वजा होत असे, आणि उस्तादांच्या पिढीला तिची दखल घेण्याचे फारसे कारण पडले नाही. अल्युमिनियम आले आणि हा जमाखर्च बिघडला. ते पोलादाच्या दुप्पट फुगते, तेव्हा दुपारी कापलेले, पोलादी गेजने पास झालेले बेअरिंगघर ग्राहकाच्या वातानुकूलित तपासणीखोलीत लहान भरते, आणि मग माल परत, तगादे, आणि दोष पात्याचा की हवेचा यावर लांबलचक पत्रव्यवहार. जेथे शहाणपण आहे तेथे तुकडे आधीच्या रात्री तपासणीखोलीत ठेवून सकाळी मोजतात.

अलीकडे अंकदर्शक बोअरिंग हेड आले आहेत. श्रद्धानंद मार्गावरील यंत्रसामानाच्या दुकानांत, जेथे मायक्रोमीटरांपासून चकपर्यंत सर्व काही काचेआड मांडलेले असते, त्यांची किंमत विचारली तर लहान कारखानदार निमूटपणे पुढच्या दुकानाकडे वळतो. यातील चांगल्या हेडची खुबी अशी, की पेच किती फिरला हे न मोजता पात्याचा सरकणारा भाग प्रत्यक्ष किती सरकला हेच ते मोजतात. त्यामुळे आट्यांची मोकळीक आकड्यात शिरत नाही आणि उलटा फिरविला तरी आकडा खरे बोलतो. फरीदाबादच्या एका कारखान्यात असे हेड हाताळणाऱ्या तरुण सेटरला मी पाहिले. माप एक शतांश पुढे गेले होते, आणि पडदा स्पष्ट दाखवीत असूनही त्याने पेच अर्धा फेरा मागे घेतला, पुन्हा पुढे येत माप गाठले, कुलूप आवळले, आणि आवळताना हललेला आकडा पाहून ते पुन्हा सैल केले. मी त्या अर्ध्या फेऱ्याचे कारण विचारले, तेव्हा मोकळीक मोजणीत येत नसली तरी पेचात आहेच, आणि मागून टेकलेले नसेल तर कापताना पाते तितके मागे रेटले जाते, असे त्याने सांगितले. मग पहिला तुकडा एक दशांश लहान कापून, गेज आत घालून, उरलेला हिशेब तो पाटीवर मांडू लागला.