सुर्त्से : मोकळे सोडलेल्या बेटाची साठ वर्षे

14 नोव्हेंबर 1963 च्या सकाळी, आइसलंडच्या दक्षिणेला मासेमारी करणाऱ्या ‘इस्लेइफुर दोन’ या बोटीवरच्या आचाऱ्याला दूर समुद्रातून काळा धूर उठताना दिसला. एखादे जहाज पेटले असावे असे वाटून बोट मदतीसाठी तिकडे वळली. जवळ गेल्यावर कळले, की तिथे जहाज नाहीच. सुमारे 130 मीटर खोल समुद्रतळावर ज्वालामुखी फुटला होता आणि त्याची राख पाण्याच्या वर आली होती. दुसऱ्याच दिवशी लाटांमध्ये जमिनीची काळी कड दिसू लागली. नॉर्स पुराणातल्या सुर्त या अग्निराक्षसाचे नाव त्या जमिनीला मिळाले : सुर्त्से.

या बेटाला आता साठ वर्षे उलटून गेली. इतक्या वर्षांत तिथे ना वस्ती झाली, ना शेती, ना कुणाची जनावरे चरायला गेली. म्हणूनच उघड्या कातळावर जीवसृष्टी पहिल्यापासून कशी उभी राहते, हे इथे जितके स्वच्छ दिसले तितके जगात फार थोड्या ठिकाणी दिसले असेल.

मुळात बेट टिकले हेच नवल. पहिले काही महिने समुद्राचे पाणी तप्त लाव्ह्याला भिडत होते, क्षणात वाफ होऊन स्फोट होत होते आणि राखेचे ढीग रचले जात होते. राखेचा ढीग उत्तर अटलांटिकच्या लाटांपुढे किती दिवस तग धरणार? शेजारीच 1965 मध्ये सिर्त्लिंगुर आणि त्यानंतर योल्निर अशी दोन बेटे वर आली आणि काही महिन्यांतच वाहून गेली. सुर्त्सेचे नशीब 1964 च्या एप्रिलमध्ये पालटले. ज्वालामुखीच्या मुखाशी समुद्राचे पाणी पोचेनासे झाले, स्फोट थांबले आणि लाव्हा शांतपणे वाहू लागला. थिजलेल्या लाव्ह्याचे कठीण कवच राखेवर चढले. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या बेसाल्टचा, त्याच कुळातला हा दगड. आपला साडेसहा कोटी वर्षांचा, तर हा काही तासांपूर्वीचा. 1967 च्या जूनमध्ये उद्रेक संपला तेव्हा बेट 2.65 चौरस किलोमीटर भरले होते.

या सगळ्या हकिगतीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 1965 सालचा निर्णय. लाव्हा अजून वाहत होता, बेट राहील की बुडेल याचा नेम नव्हता, आणि अशा वेळी आइसलंडने ते संरक्षित ठरवले. उतरायचे ते फक्त संशोधकांनी, तेही परवानगी घेऊन. सुर्त्से संशोधन संस्थाही त्याच साली स्थापन झाली. नियम कडक होते आणि ते पाळलेही गेले. बी, माती, जिवंत प्राणी काहीही न्यायचे नाही. एकदा लाव्ह्यात टोमॅटोचे रोप उगवलेले आढळले. कुणीतरी उघड्यावर शौचाला बसले होते आणि त्यातून बी रुजले होते. रोप तत्काळ काढून टाकण्यात आले. एका टोमॅटोने काय बिघडणार होते, असे कुणालाही वाटेल. पण मग तिथे आपोआप काय येते, हा प्रश्नच उरला नसता.

आपोआप आले ते अपेक्षेपेक्षा वेगळे होते. नुसत्या दगडावर आधी दगडफूल, मग शेवाळे, मग फुलझाडे, असा क्रम आपण शाळेत शिकतो. सुर्त्सेवर 1965 च्या उन्हाळ्यातच किनाऱ्याच्या वाळूत ‘सी रॉकेट’ ही फुले येणारी वनस्पती उगवली. शेवाळे 1967 मध्ये सापडले, दगडफुले 1970 मध्ये. समुद्राने ओंडके, गवताच्या काड्या आणि बिया किनाऱ्यावर आणून टाकल्या होत्या. पाकटाच्या जातीच्या माशाची अंडी ज्या चिवट पिशवीत असतात, तशा रिकाम्या पिशव्याही वाहत आल्या आणि त्यांच्या टोकांना गवताच्या बिया अडकलेल्या निघाल्या.

आलेले सगळेच टिकले नाही. सी रॉकेट पुन्हा पुन्हा आले आणि नाहीसे झाले. टिकली ती ‘सी सँडवर्ट’. बोटाच्या पेराहून लहान, जाड, रसरशीत पाने आणि वाळूत लांबवर धावणारे कोंब. वाऱ्याने उडणारी वाळू या पानांत अडकते, झाडाभोवती छोटा उंचवटा होतो, कोंब त्याच्याही वर निघतात, आणि पुन्हा वाळू अडकते. वाळूला घर देण्याचे काम एवढ्याशा वनस्पतीने केले.

तरीही पहिल्या वीस वर्षांचा हिशेब तोकडाच होता. वीसेक जातींच्या वनस्पती दिसल्या, त्यांतल्या निम्म्याच रुजल्या. बियांची वाण नव्हती. वाण होती ती नायट्रोजनची. पाणीही टिकत नव्हते : पाऊस पडे, पण तो लाव्ह्याच्या भेगांतून सरळ खाली जाई.

ही कोंडी फोडली पक्ष्यांनी. फुलमार आणि ब्लॅक गिलेमॉट यांनी 1970 मध्येच घरटी केली होती, पण ती कड्याकपारींत. खरा बदल 1980 च्या दशकाच्या मध्यावर झाला. दक्षिणेकडच्या सपाट लाव्ह्यावर कुरव मोठ्या संख्येने अंडी घालू लागले. त्यांची विष्ठा, उष्टे मासे, मेलेली पिल्ले, घरट्यांतले गवत हे सगळे वर्षानुवर्षे एकाच जागी पडत गेले आणि कातळावर माती धरू लागली. तिथे आज दाट हिरवे कुरण आहे. कुरणाची कड ओलांडून थोडे पुढे गेले, की पुन्हा काळी राख आणि तुरळक सँडवर्ट. पाऊस तोच, वारा तोच. फरक फक्त कुरवांच्या घरट्यांचा. नव्या जातींपैकी सुमारे तीन चतुर्थांश पक्ष्यांनीच आणल्या असाव्यात, असा संशोधकांचा अंदाज आहे. वारा आणि समुद्र त्यांच्या खूप मागे.

माती आली तशी बाकीची मंडळीही आली. 1993 मध्ये मातीच्या नमुन्यात गांडुळे मिळाली. हीसुद्धा जवळच्या हेइमाए बेटावरून एखाद्या पक्ष्याबरोबर आली असावीत. 1998 मध्ये विलोचे पहिले झुडूप दिसले. स्नो बंटिंग हा छोटा पक्षी बेटावर वीण करू लागला आणि 2004 मध्ये पफिनचे घरटे सापडले. उत्तरेच्या वाळूच्या दांड्यावर सील तर 1983 पासूनच पिल्ले घालत होते. 2008 पर्यंत वनस्पतींच्या 69 जातींची नोंद झाली आणि त्यांतल्या तीसेक कायमच्या रुजल्या.

दगडही स्वस्थ बसला नव्हता. राखेच्या पोटातली उष्णता आणि पाणी यांच्यामुळे सुटी राख काही वर्षांतच घट्ट खडक बनू लागली. या बदलाला कित्येक शतके लागतात असे आधी मानले जात होते. 1979 आणि 2017 मध्ये भोके पाडून हे बदल खोलवर तपासले गेले.

मात्र समुद्राने आपले येणे वसूल करायला पहिल्या दिवसापासून सुरुवात केली आहे. हिवाळ्यात नैऋत्येच्या लाटा लाव्ह्याचे कडे पोखरतात. 2010 च्या दशकात बेट 1.3 चौरस किलोमीटरच्या आसपास उरले होते, म्हणजे उद्रेक संपला तेव्हाच्या निम्मे. कुरवांचे कुरण याच पोखरल्या जाणाऱ्या दक्षिण भागात आहे. पुढेमागे लाव्ह्याचे पठार जाईल, कुरण आक्रसेल आणि घट्ट झालेल्या राखेचा सुळका तेवढा उभा राहील. सुर्त्से ज्या समूहात मोडते, त्या वेस्टमन बेटांतले जुने सुळके असेच घडले आहेत. विपुलतेचा काळ संपून ओहोटीचा काळ कसा येतो, हेही म्हणूनच सुर्त्सेवर पाहता येईल, आणि तो भाग पहिल्या भागाइतकाच मोलाचा आहे.

2008 मध्ये युनेस्कोने सुर्त्सेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. अलीकडच्या वर्षांत आइसलंडला वीस लाखांहून अधिक पर्यटक एका वर्षात येऊन गेले आहेत. त्यांना हे बेट बोटीतून किंवा विमानातून, लांबूनच पाहावे लागते. हा नियम पर्यटनाच्या पैशासाठी कधीही सैल होऊ नये. तिथे जायची इच्छा ज्यांच्या मनात येईल, त्या सर्वांनी ती लांबूनच पुरी करून घ्यावी.