छातीचं ऑपरेशन झालं, पण शर्ट उतरला नाही

तुकोबांची पालखी पुणं सोडून सोलापूर रस्त्याला लागली की लोणी काळभोरला मुक्कामाला थांबते. त्या पहाटे मिळेल त्या नळावर उघड्या अंगानं आंघोळी चालतात आणि कुणी कुणाकडे बघत नाही. एरवीही या पट्ट्यात पुरुषाचं उघडं अंग ही रोजची गोष्ट आहे. तालमीत लंगोट लावून उतरायचं, उन्हाळ्यात कालव्यात उड्या मारायच्या, जत्रेत फडावर जायचं. आता त्यात जिमची भर पडली आहे. राजबागेतल्या एमआयटी विद्यापीठामुळे राज्यभरातून मुलं इथे राहायला येतात, एका खोलीत दोघं-तिघं राहतात. अशा ठिकाणी ज्याची छाती बाईसारखी दिसते त्या मुलाला शर्ट न काढण्याचं नवं कारण रोज शोधावं लागतं. तो शर्टाखाली दोन बनियन घालतो, खांदे पुढे काढून चालतो, आखाड्याकडे फिरकत नाही.

यातले काही जण पैसे जमवून ऑपरेशन करून घेतात. आणि त्यातल्याही काहींच्या वाट्याला एक वेगळंच दुखणं येतं. ऑपरेशन होतं, टाके निघतात, पट्टा सुटतो, पण आरशात दिसणारी छाती मनातल्या छातीसारखी नसते. एक बाजू अजून फुगलेली असते, किंवा बोंडीखाली खड्डा पडलेला असतो, किंवा कातडी सैल लोंबते. आधीचं दुखणं डॉक्टरला तरी सांगता येत होतं. हे दुसरं घरातही बोलता येत नाही, कारण घरच्यांचं म्हणणं ठरलेलं: झालं ना आता ऑपरेशन, मग अजून काय? या मुलांना नखरेल म्हणून उडवून लावणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांची तक्रार शरीरशास्त्राची आहे आणि तिचं उत्तरही तिथेच शोधावं लागतं.

पुरुषाच्या छातीतही दुधाच्या ग्रंथीचा छोटा अंश असतोच. शरीरात टेस्टोस्टेरॉनच्या तुलनेत इस्ट्रोजेनचा जोर वाढला की हा अंश वाढायला लागतो. त्याला गायनेकोमॅस्टिया म्हणतात. जिममधली पोरं नुसतं ‘गायनो’ म्हणतात. आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे बहुसंख्य नवजात बाळांची छाती काही दिवस फुगलेली असते. वयात येताना तर जवळजवळ निम्म्या मुलांना कमीजास्त प्रमाणात हा त्रास होतो आणि बहुतेकांचा दोनेक वर्षांत आपोआप ओसरतो. चौदा वर्षांच्या मुलाला आजी ‘वय आहे, जाईल’ म्हणते तेव्हा ती वैद्यकशास्त्राला धरूनच बोलत असते. उतारवयात पुन्हा हे प्रमाण वाढतं. लठ्ठपणातही वाढतं, कारण चरबीच्या पेशींत अरोमाटेज नावाचं विकर असतं आणि ते टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करत राहतं.

शरीर पिळदार व्हावं म्हणून बाहेरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्याची छाती का वाढते, याचं उत्तर याच विकरात आहे. जादा टेस्टोस्टेरॉनपैकी काही भागाचं इस्ट्रोजेन होतं. शिवाय बाहेरून आयता पुरवठा होतोय म्हटल्यावर वृषण आपलं काम थांबवतात, आणि इंजेक्शन बंद केल्यावर काही काळ इस्ट्रोजेनचंच पारडं जड राहतं. काही औषधंही हा परिणाम घडवतात: स्पायरोनोलॅक्टोन, केटोकोनाझोल, मानसिक आजारातलं रिस्पेरिडोन, क्षयरोगातलं आयसोनियाझिडसुद्धा. यकृताचा सिरॉसिस, थायरॉइडचा अतिरेक, क्लाइनफेल्टर सिंड्रोम, क्वचित वृषणातली गाठ हीही कारणं असू शकतात. पुरुषाला स्तनाचा कर्करोग होतो तो फार कमी, एकूण स्तनकर्करोगांपैकी साधारण एक टक्का. पण एका बाजूची, दगडासारखी टणक, बोंडीच्या मध्यापासून बाजूला असलेली गाठ किंवा बोंडीतून येणारा रक्ताळ स्राव दिसला तर थांबायचं नाही.

गायनेकोमॅस्टियाची गाठ नवी असते तेव्हा तिच्यातल्या पेशी वाढत्या असतात आणि टॅमोक्सिफेनसारख्या गोळ्या कामी येऊ शकतात. अर्थात त्या डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायच्या, जिमच्या ट्रेनरच्या सल्ल्यानं नव्हे. वर्ष उलटलं की त्या जागी तंतुमय, चिवट ऊतक तयार होतं. ते गोळीनं विरघळत नाही, व्यायामानं झडत नाही. वर्षभर छातीचे जोर मारणाऱ्या मुलाचा स्नायू खालून वाढतो आणि गाठ उलट आणखी वर उचलली जाते. मग उरते शस्त्रक्रिया.

ती नवी नाही. सातव्या शतकात पॉल ऑफ एजिना या ग्रीक वैद्यानं पुरुषाच्या वाढलेल्या छातीवर चंद्रकोरीच्या आकाराचा छेद घेण्याची रीत लिहून ठेवली आहे. १९४६ साली जेरोम वेबस्टर या अमेरिकी सर्जननं बोंडीभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेनं अर्धगोल छेद घेण्याची पद्धत मांडली. व्रण रंगाच्या सीमेवर लपतो म्हणून ती आजही चालते. पुढे लायपोसक्शन आलं आणि बारीक नळीनं चरबी ओढून घेणं शक्य झालं. आज बहुतेक ठिकाणी दोन्ही एकत्र करतात, आणि ते योग्यच आहे. चरबी मऊ असते, नळीतून येते. ग्रंथी चिवट असते, ती बहुधा कापूनच काढावी लागते.

निराशेचं पहिलं मोठं कारण इथेच आहे. नुसतं लायपोसक्शन झालं तर भोवतालची चरबी जाते आणि मधली ग्रंथी तशीच राहते. सूज उतरल्यावर बोंडी शंकूसारखी पुढे आलेली दिसते, कधी पूर्वीपेक्षा जास्त ठळक, कारण तिला झाकणारी चरबीच उरलेली नसते.

दुसरं कारण याच्या नेमकं उलट आहे, आणि निस्तरायला ते जास्त अवघड. ‘काहीही शिल्लक ठेवू नका’ असं पेशंट सांगतो आणि सर्जन बोंडीखालचं सगळं ऊतक काढून टाकतो. बोंडी आणि तिच्याभोवतीचं वर्तुळ यांना खालून आधार लागतो, म्हणून जाणकार सर्जन तिथे साधारण एक सेंटिमीटर जाडीची चकती मुद्दाम ठेवतात. ती राहिली नाही तर बोंडी आत बसते आणि बशीसारखा खड्डा पडतो. जखम भरताना तिथली कातडी थेट छातीच्या स्नायूच्या आवरणाला चिकटते. मग हात खाली असताना छाती ठीक दिसते, पण हात वर केला किंवा स्नायू आवळला की खड्डा आत ओढला जातो. कपडे अंगावर असताना हे लक्षात येत नाही, दंड थोपटताना येतं. चकती ठेवण्याचं आणखी एक कारण आहे: बोंडीकडे जाणारं रक्त. भोवतालच्या कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं फार पातळ केलं तर बोंडीचा काही भाग काळा पडून मरू शकतो.

रक्तपुरवठा सांभाळणं आणि वाट पाहणं, या दोन गोष्टींवर सगळी प्लास्टिक सर्जरी उभी आहे, आणि त्यातला एक जुना धडा पुण्याजवळच गिरवला गेला. १७९२ च्या म्हैसूर युद्धात इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठा माणसाला टिपूच्या लोकांनी पकडलं, त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं मेणाचा साचा करून, कपाळावर तो आकार आखून, तेवढी कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवलं. कातडी त्यानं पुरती तोडली नाही. दोन डोळ्यांच्या मधला दुवा रक्तासाठी तसाच ठेवला आणि सुमारे पंचवीस दिवसांनी, नवी जागा धरल्यावर, तो कापला. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ ला ही हकिगत छापून आली आणि युरोपातले सर्जन ही रीत शिकले. त्या कारागिराचं नाव कुणी नोंदवलं नाही. त्याला थांबणं कळत होतं, हे मला त्याच्या हातातल्या कसबाइतकंच मोठं वाटतं.

कारण छातीच्या ऑपरेशननंतरच्या कितीतरी तक्रारी केवळ वेळेआधी केलेल्या असतात. पहिल्या दिवसांत आत रक्त साकळू शकतं. ही सर्वांत नेहमी आढळणारी लवकरची गुंतागुंत. एक बाजू झपाट्यानं फुगून दुखायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पुढच्या आठवड्यांत पाणी साचू शकतं, ते सुईनं काढतात. नंतर बोंडीखाली टणक गोळा हाताला लागतो आणि मुलगा घाबरतो: गाठ परत आली! बहुतेकदा तो आतला व्रण असतो. जखमेत सुरुवातीला घाईघाईनं, विस्कळीत कोलॅजेन भरलं जातं. नंतर शरीर ते मोडून नव्यानं, रांगेत विणतं. हे काम वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतं. म्हणून सहा आठवड्यांचा कडक गोळा सहाव्या महिन्यात मऊ झालेला दिसतो. मोठी सूज तीन ते सहा महिन्यांत उतरते, कातडी त्याहून सावकाश आकसते. पट्टा किंवा घट्ट जाकीट चार-सहा आठवडे घालायला सांगतात. पुण्याच्या मे महिन्यात ते अंगावर ठेवणं जिवावर येतं, तरी ते लवकर सोडू नये.

याच हिशेबानं सर्जन दुसऱ्या ऑपरेशनचा विचार सहसा सहा महिन्यांच्या आत करत नाहीत. वर्षभर थांबणं अधिक चांगलं. ताज्या व्रणात पुन्हा सुरी घातली तर थर ओळखू येत नाहीत, रक्त जास्त जातं आणि नवा व्रण पहिल्यापेक्षा वाईट होऊ शकतो. मधल्या काळात दर महिन्याला त्याच उजेडात, त्याच जागी उभं राहून फोटो काढावेत: समोरून, दोन्ही बाजूंनी, हात वर करून. रोज आरशात बघणाऱ्याला फरक कळत नाही, फोटोंत कळतो.

थांबूनही फरक पडला नाही तर आधी कारण शोधायचं. सोनोग्राफीत उरलेली ग्रंथी, चरबी आणि व्रण वेगवेगळे ओळखता येतात. पहिल्या ऑपरेशनात काढलेलं ऊतक तपासणीला पाठवलं होतं का, अहवाल काय आला, हे पाहायचं. छाती खरोखरच पुन्हा वाढत असेल तर संप्रेरकांच्या तपासण्या आणि खाण्यात असलेल्या औषधांची यादी डॉक्टरपुढे ठेवायची. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चालू असतील तर तेही लपवू नये. ती थांबवल्याशिवाय केलेलं दुसरं ऑपरेशन वाया जाण्याचीच शक्यता जास्त. वजन अजून खालीवर होत असेल तर ते आधी स्थिर होऊ द्यावं.

आणखी एक शक्यता नाजूक आहे. १८९१ साली एन्रिको मोर्सेली या इटालियन मानसोपचारतज्ज्ञानं स्वतःच्या शरीरातल्या व्यंगाचा ध्यास लागण्याच्या आजाराचं वर्णन केलं. दुसऱ्याला दिसतही नाही एवढ्या बारीक दोषात हा आजार झालेला माणूस दिवसाचे कित्येक तास घालवतो आणि कितीही ऑपरेशनं केली तरी त्याचं समाधान होत नाही. ज्याच्या छातीवर खरोखर खड्डा आहे त्याच्यावर हा शिक्का मारणं क्रूरपणाचं आहे. पण डॉक्टर, मित्र, घरचे सगळे ‘काही दिसत नाही’ म्हणत असताना कॉलेज सुटलं असेल, झोप उडाली असेल, तर सर्जनच्या आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

दुसरं मत पहिल्या सर्जनला न दुखावताही घेता येतं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटनं मागितलेली कागदपत्रं डॉक्टरनं ७२ तासांत द्यायची असतात आणि दाखल झालेल्या पेशंटची नोंद तीन वर्षं जपायची असते. ऑपरेशनची टिपणं, आधीचे फोटो, तपासणीचा अहवाल हे सगळं मागून घ्यावं. दुसरा सर्जन एम.सीएच. किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी झालेला आहे का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे त्याची नोंद आहे का, आणि दुरुस्तीची ऑपरेशनं त्यानं किती केली, हे विचारण्यात संकोच नको.

राहिलेली ग्रंथी त्याच जुन्या छेदातून काढता येते, आणि या दुरुस्तीचे निकाल सहसा चांगले येतात. सैल कातडीसाठी नवा छेद घ्यावा लागू शकतो, म्हणजे नवा व्रण पत्करावा लागतो. खड्डा भरणं सर्वांत कष्टाचं. चिकटलेला व्रण सोडवून तिथे शेजारची चरबी सरकवतात किंवा पोटावरची चरबी काढून बारीक सुईनं थेंबाथेंबानं भरतात. स्वतःचीच चरबी दुसरीकडे बसवण्याची कल्पना गुस्ताव नॉयबर या जर्मन सर्जननं १८९३ साली मांडली होती. भरलेल्या चरबीतला काही भाग शरीर शोषून घेतं, कारण नव्या जागी रक्त पोचेपर्यंत सगळ्या पेशी तग धरत नाहीत. व्रणात तर रक्त आधीच कमी. म्हणून एका खेपेत खड्डा पुरता भरेलच असं नाही, आणि दुसरी खेप लागली तर तिचा खर्च कोण करणार, हे पहिल्या भेटीतच विचारून कागदावर घ्यावं.