जबड्याच्या शस्त्रक्रियेतील मृदू ऊतींच्या इजा व त्यांचे व्यवस्थापन : विदर्भाच्या संदर्भात

जबड्याचे हाड मोडले असता शल्यचिकित्सकाचे लक्ष प्रामुख्याने हाडाकडे असते. मात्र हाडापर्यंत पोहोचावे लागते ते ओठ, गाल, हिरडी व जीभ यांच्यामधूनच. प्रस्तुत लेखात शस्त्रक्रियेच्या वेळी या मृदू ऊतींना होणाऱ्या इजांचा विचार केला आहे.

मारेगावसह विदर्भात हा प्रश्न अधिक बिकट आहे, याचे कारण खर्रा. त्यातील सुपारीमुळे गालाच्या आतील श्लेष्मल त्वचेखाली तंतू साचतात, गाल ताठर होतो आणि तोंड उघडेनासे होते. मुंबईच्या डॉ. जोशी यांनी १९५३ मध्ये या विकाराचे वर्णन केले. निरोगी प्रौढाचे तोंड साधारणतः ३५ ते ५० मि.मी. उघडते, विकार बळावलेल्या रुग्णाचे २० मि.मी.देखील उघडत नाही. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारीची सवय सुटलेली नाही.

अशा अरुंद तोंडात ड्रिलचा तापलेला दांडा ओठाच्या कोपऱ्याला टेकतो आणि तेथे भाजते. भूल दिलेला रुग्ण तक्रार करू शकत नाही. इजा नंतरच ध्यानात येते. गाल ओढून धरताना ओठ फाटतो, तारेचे टोक हिरडीत रुतते. म्हणून ओठांना आधीच व्हॅसलीन लावावे, ड्रिलवर सलाइनची धार सतत ठेवावी आणि तोंड बळाने उघडण्यापेक्षा त्वचेवरून छेद घेण्याचा पर्याय विचारात घ्यावा.

इजा झालीच, तर गॉजने दाबून रक्तस्राव थांबवावा, जखम सलाइनने धुवावी व दाताचे तुकडे राहिले नाहीत ना, हे पाहावे. गालाची जखम खोल असल्यास वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडणारी लाळनलिका तपासावी. आधी हाड स्थिर करावे, मग स्नायू आणि शेवटी श्लेष्मल त्वचा शिवावी. ओठाच्या जखमेत त्वचा व लाल भाग यांच्या सीमारेषेवर पहिला टाका घ्यावा. तेथील एक मि.मी.चा फरकही जन्मभर दिसतो. तंतुमय गाल ताणला जात नाही, त्यामुळे घट्ट टाका ऊती कापून बाहेर येतो. विरघळणारा धागा वापरल्यास टाके काढण्यासाठी मारेगावहून नागपूर वा सावंगीची खेप वाचते.

पुढे क्लोरहेक्झिडिनच्या गुळण्या कराव्यात, तारांच्या टोकांवर मेण लावावे. दात तारेने बांधले म्हणजे खर्रा सुटेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. तो गालात दाबून ठेवता येतो आणि जखमही तेथेच असते. म्हणून घरी पाठविताना ही गोष्ट रुग्णाबरोबरच त्याच्या घरच्यांनाही स्पष्ट सांगावी.