खटक्यांचा आणि दिव्यांचा संगणक

अमेरिकेतील ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ ह्या मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर एका पेटीचे चित्र छापून आले. पेटीच्या दर्शनी फळीवर बारीक दिव्यांच्या ओळी व त्यांच्याखाली खटक्यांची रांग होती. सामान्य माणसाने स्वतःच्या घरी, स्वतःच्या हाताने जोडावयाचा हा संगणक आहे, असे त्या अंकात सांगितले होते. वाचक हरखून गेले. पण ज्या पेटीचे ते चित्र होते ती आतून पोकळ होती! खरे यंत्र न्यूयॉर्ककडे आगगाडीच्या पार्सलाने पाठविले होते, ते वाटेतच गहाळ झाले. तेव्हा नुसते दिवे आणि खटके बसविलेला एक रिकामा डबा छायाचित्रासाठी पुढे करण्यात आला. ज्या यंत्राच्या प्रतिकृती आज हौशी मंडळी मोठ्या निगुतीने जोडीत आहेत, त्या यंत्राचे जगाला घडलेले पहिले दर्शन हेच मुळी एका प्रतिकृतीचे होते.

त्या यंत्राचे नाव ‘अल्टेअर ८८००’. अल्टेअर हा आपल्याला अपरिचित नाही; पंचांगातील श्रवण नक्षत्राचा ठळक तारा तो हाच. न्यू मेक्सिको संस्थानातील अल्बुकर्क शहरी एड रॉबर्ट्स ह्यांची ‘मिट्स’ नावाची लहानशी कंपनी होती. हिशेबाच्या छोट्या यंत्रांच्या धंद्यात किमतींची जी जीवघेणी स्पर्धा माजली तिने ही कंपनी कर्जात बुडाली होती. इंटेल कंपनीने १९७४ साली काढलेली ८०८० ही चिप घेऊन रॉबर्ट्स ह्यांनी शेवटचा डाव म्हणून हा संगणक रचला. सुट्या भागांचा संच ४३९ डॉलरांना, जोडलेले यंत्र ६२१ डॉलरांना. काहीशे संच खपले तरी पुष्कळ, अशी त्यांची अपेक्षा होती; मागण्या आल्या त्या हजारांनी.

एवढे पैसे मोजून ग्राहकाच्या पदरात काय पडे? तर २५६ बाईटांची स्मृती, म्हणजे ह्या लेखातील एक लहानसा परिच्छेदही जीत मावणार नाही एवढी जागा. पडदा नाही, अक्षरांचा फलक नाही. फळीवर ३६ दिवे आणि २५ खटके. मनुष्याने यंत्राशी बोलावयाचे ते खटक्यांनी, आणि यंत्राने उत्तर द्यावयाचे ते दिव्यांनी.

अस्सल अल्टेअर आज दुर्मिळ आहेत. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने एक जपून ठेवला आहे. उरलेले बहुधा संग्राहकांच्या कपाटात आहेत. आणि एखादा हाती आला तरी तो एकदम सुरू करणे शहाणपणाचे नव्हे. वीजपुरवठ्यातील जुने कंडेन्सर इतक्या वर्षांत निकामी झालेले असू शकतात. त्यातून ते यंत्र अमेरिकेतील सुमारे ११० व्होल्टांच्या विजेसाठी बांधलेले. आपल्याकडील २३० व्होल्टांना थेट जोडले तर ते कायमचे निकामी व्हावयाचे. म्हणून प्रतिकृतीचा मार्ग.

ह्या प्रतिकृती दोन जातींच्या असतात. पहिल्या जातीत जुनी मंडले जशीच्या तशी पुन्हा छापतात, खरी ८०८० चिप मिळवितात, शंभर टोकांची ती जुनी जोडपट्टीदेखील बसवितात. हे काम खर्चाचे व जाणत्यांचे. दुसऱ्या जातीत दर्शनी फळी मात्र खरी असते, परंतु तिच्यामागे आजची एक स्वस्त चिप बसून ८०८० चे सोंग वठविते. ‘अल्टेअर-ड्युइनो’ हा संच ह्या दुसऱ्या जातीचा असून तो ‘आर्डुइनो ड्यू’ ह्या तयार फलकावर चालतो. नवशिक्याने ह्याच वाटेने जावे हे बरे. सोंग आतले आहे; बोटांना लागणारा खटका आणि डोळ्यांना दिसणारा दिवा खराच आहे, आणि शिकावयाचे आहे ते तेथेच.

जोडणीस प्रारंभ करण्यापूर्वी सर्व भाग यादीशी ताडून पाहावेत. प्रथम रोध, कारण ते बुटके. मग ट्रान्झिस्टर, मग दिवे आणि शेवटी खटके. दिव्याचा लांब पाय धन बाजूचा असतो. तो उलटा बसला तर दिवा लागत नाही, आणि छत्तीस दिव्यांत एकादा उलटा बसतोच! सर्व दिवे एका उंचीवर यावेत म्हणून प्रत्येकाचा आधी एकच पाय डाखावा, फळी वर बसवून रांग न्याहाळावी, वाकडे असतील ते सरळ करावेत आणि मगच दुसरा पाय डाखावा. खटक्यांचेही तसेच. ह्या कामी घाई केली की पुढे जन्मभर वाकडी रांग पाहावी लागते. डाख चकचकीत व निमुळता दिसला पाहिजे. मळकट गोळा दिसला तर सांधा कच्चा आहे असे समजावे. यंत्र चालत नाही ह्या तक्रारीच्या मुळाशी असा कच्चा सांधा असण्याचाच संभव अधिक. आणखी एक सावधगिरी अशी की, आर्डुइनो ड्यूच्या टोकांना ३.३ व्होल्टच सोसतात. जुन्या सवयीने त्यांना ५ व्होल्ट दाखविले तर फलक दगावतो.

जोडणी संपली, वीज दिली, दिवे लुकलुकले. आता पुढे काय? येथेच पुष्कळांचा उत्साह मावळतो, कारण यंत्र काहीच करीत नाही. ते सांगितल्याशिवाय करावयाचेही नाही.

अल्टेअरबरोबर येणाऱ्या मूळ पुस्तिकेत बेरजेचे एक उदाहरण दिलेले होते, तेच घ्यावे. स्मृतीत ओळीने घरे आहेत व प्रत्येक घराला क्रमांक आहे अशी कल्पना करावी. १२८ व्या घरातील संख्या उचलावयाची, ती बाजूला ठेवावयाची, १२९ व्या घरातील उचलावयाची, दोहोंची बेरीज करून ती १३० व्या घरात टाकावयाची आणि पुन्हा आरंभास जावयाचे. एवढ्या कामाला चौदा बाईट लागतात. ते अष्टमान पद्धतीने असे लिहितात: ०७२, २००, ०००, १०७, ०७२, २०१, ०००, २००, ०६२, २०२, ०००, ३०३, ०००, ०००. ह्यांतील ०७२ म्हणजे ‘उचल’, १०७ म्हणजे ‘बाजूला ठेव’, दुसऱ्या वेळी आलेले २०० म्हणजे ‘मिळव’, ०६२ म्हणजे ‘टाक’ आणि ३०३ म्हणजे ‘जा’. पहिले २०० मात्र आज्ञा नसून घराचा क्रमांक आहे. अष्टमानातील २०० म्हणजे आपले १२८. एकच संख्या एके ठिकाणी आज्ञा व दुसऱ्या ठिकाणी पत्ता कशी होते, हे कोडे येथे आपोआप सुटते. ती कोणत्या जागी उभी आहे त्यावर तिचा अर्थ ठरतो.

आता खटके. ‘स्टॉप’ वर करून यंत्र थांबवावे व ‘रिसेट’ करावे. पत्त्याचे सोळाही खटके खाली ठेवून ‘एक्झॅमिन’ वर उचलावा. यंत्र शून्य क्रमांकाचे घर उघडते. ०७२ चे द्विमान रूप ००१११०१०; म्हणून उजवीकडून शून्यापासून मोजीत १, ३, ४ व ५ ह्या क्रमांकांचे खटके वर करावे आणि ‘डिपॉझिट’ उचलावा. दिव्यांत तीच आकृती उमटते. पुढची संख्या लावून तोच खटका खाली दाबावा, म्हणजे ‘डिपॉझिट नेक्स्ट’. यंत्र आपण होऊन पुढच्या घरात जाते. असे चौदा वेळा. मग १२८ व्या घरात ५ व १२९ व्या घरात ७ ठेवावे, पुन्हा ‘रिसेट’ करावे आणि ‘रन’ दाबावे.

दिवे मंद, धूसर जळू लागतात. अस्सल यंत्राचा ठोका सेकंदाला वीस लाखांचा. त्या गतीने ही पाच-सातांची बेरीज दर सेकंदाला सुमारे ३४ हजार वेळा होत असते, आणि तेच उत्तर तितक्याच वेळा त्याच घरात पडत असते. ‘स्टॉप’ करून १३० वे घर उघडावे. ००००११००. बारा!

पण समजा, ३०३ लावताना अगदी उजवीकडचा खटका चुकून खाली राहिला. ३०३ चे ३०२ झाले. यंत्र तरीही चालते, उत्तर तरीही बाराच येते. चूक कोठे गेली? ३०२ ही आज्ञा ‘जा’ अशी नसून ‘शून्य आले नसेल तर जा’ अशी आहे. पाच आणि सात मिळवून शून्य येत नाही, म्हणून यंत्र निमूटपणे मागे जात राहते. दोन्ही घरांत शून्य ठेवले, किंवा दोन्हींत १२८ ठेवले, की आठ बिटांत बेरीज शून्य उरते आणि यंत्र चौदा घरांच्या कुंपणाबाहेर पडून पलीकडे जे काही पडले असेल ते आज्ञा समजून पाळू लागते. ही चूक शोधावयाची तर ‘सिंगल स्टेप’ हा खटका वापरून एकेक पाऊल टाकावे आणि पत्त्याचे दिवे वाचीत जावे. संगणकात दोष दडून कसा बसतो व महिनोन् महिने निर्दोष कसा भासतो, हे ज्याने ह्या फळीवर एकदा पाहिले त्याला व्याख्यानाची जरुरी नाही.

श्रोत्यांपैकी ज्यांनी तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात ८०८५ च्या शिक्षणसंचावर हात चालविला असेल, त्यांना ह्या आज्ञा ओळखीच्या वाटल्या असतील. वाटणारच. ८०८५ ही ८०८० चीच धाकटी बहीण. तेथे कळपट्टीवर दाबलेले ३ए, ३२ आणि सी३ म्हणजेच येथील ०७२, ०६२ आणि ३०३. भारतातील विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या अल्टेअरचे नावही न ऐकता त्याची भाषा शिकल्या आहेत.

खटक्यांचा कंटाळा आला म्हणजे प्रतिकृती घरच्या संगणकाला तारेने जोडून त्याच्या पडद्यावर ‘बेसिक’ ही भाषा चालविता येते. ह्या ‘बेसिक’ची कथा ह्या प्रतिकृतीच्या विषयाला फार जवळची आहे. बिल गेट्स व पॉल ॲलन ह्यांनी ती लिहिली, मॉन्टी डेव्हिडॉफ ह्यांनी तिचा अपूर्णांकांच्या गणिताचा भाग रचला. आणि लिहीत असता ह्यांपैकी कोणापाशीही अल्टेअर नव्हता. हार्वर्ड विद्यापीठातील पीडीपी-१० ह्या मोठ्या संगणकाला ॲलन ह्यांनी ८०८० चे सोंग घ्यावयास शिकविले व त्या सोंगावर सारी भाषा पारखून घेतली. १९७५ च्या वसंतात छिद्रित कागदी फीत घेऊन ते विमानाने अल्बुकर्कला निघाले. फीत वाचण्यासाठी लागणाऱ्या प्रारंभीच्या आज्ञा लिहावयाच्या राहून गेल्याचे वाटेत ध्यानात आले, त्या त्यांनी विमानातच लिहिल्या व तेथे गेल्यावर खटक्यांनी यंत्रात घातल्या. यंत्राने स्मृती किती आहे असे विचारले. दोन अधिक दोन किती, ह्याचे उत्तर त्याने चार दिले. सोंगावर लिहिलेली आज्ञावली खऱ्या यंत्रावर पहिल्याच भेटीत चालली! आजच्या प्रतिकृतीवर ती उलट दिशेने चालते, इतकेच.

मग सोंग आणि अस्सल ह्यांत भेद तो काय उरला? काळाचा. डीन मॅकडॅनिअल ह्यांनी मे १९७५ मध्ये चोवीस बाईटांत एक खेळ लिहिला. वरच्या आठ दिव्यांच्या रांगेत एक ठिणगी डावीकडून उजवीकडे पळत असते. ती ज्या दिव्यात असेल नेमका त्याच्या खालचा खटका त्या क्षणी वर केला तर ती विझते, नेम चुकला तर आणखी एक ठिणगी जन्मास येते. ह्यातील हुशारी अशी की, हे दिवे पेटवावयाची आज्ञाच यंत्रात नाही. ते केवळ कोणत्या पत्त्याची स्मृती वाचली जात आहे एवढेच दाखवितात. म्हणून आज्ञावली त्या पत्त्याची स्मृती विनाकारण चार-चार वेळा वाचीत राहते. वाचलेल्याचा उपयोग काही नाही, पण दिवा जळतो. मूळ गतीने ठिणगी सेकंदाला सुमारे नऊ घरे चालते. सोंग घेणारी चिप मूळ यंत्राहून भराभर चालली तर माणसाच्या बोटाला ठिणगी सापडत नाही, रेंगाळली तर खेळात गंमत राहत नाही. तेव्हा उत्तर बरोबर येणे एवढ्याने प्रतिकृती खरी ठरत नाही. ते योग्य वेळी यावे लागते.

आणि एक गोष्ट मात्र सोंगाला साधत नाही. १९७५ सालीच कॅलिफोर्नियातील ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’च्या बैठकीत स्टीव्ह डॉम्पिअर ह्यांनी आपल्या अल्टेअरजवळ एक साधा रेडिओ ठेवला. यंत्रातील विजेची खळबळ रेडिओत खरखर होऊन उमटते हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्या खरखरीचे सूर जुळतील अशा फेऱ्या त्यांनी आज्ञावलीत योजल्या होत्या. सारे खटके लावून त्यांनी ‘रन’ दाबले, आणि ज्या यंत्राला कर्णा नव्हता ते बीटल्स मंडळींचे एक गीत गाऊ लागले. आर्डुइनोच्या प्रतिकृतीत तीच आज्ञावली घातली तर दिवे तसेच नाचतात. परंतु तेथील आज्ञा एका नव्या चिपच्या पोटात, निराळ्याच ठोक्यावर पार पडतात. जुन्या तारांतून वाहणारी ती खळबळ तेथे नाही. त्या गाण्यासाठी पहिल्या जातीची, खऱ्या ८०८० ची प्रतिकृतीच जोडावी लागते.