रंगीत फोटोंचा जुना छंद आणि आपली प्रकृती

घरातल्या आल्बममध्ये 1970 च्या सुमाराचे रंगीत फोटो असतील तर ते एकदा काढून पाहा. बऱ्याच फोटोंवर लालसर किंवा पिवळट झाक आलेली दिसेल. त्या कागदातले रंग रसायनांतून तयार झालेले असतात आणि काळाबरोबर ते उडतात. निळा रंग आधी गेला की चेहरे तांबूस दिसू लागतात.

त्याहून जुनी एक पद्धत आहे. तीत चित्रकाराचे पक्के रंग डिंकात कालवून कागदावर एकेक थर हाताने चढवतात. असे फोटो पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. हल्ली हौशी मंडळी हे काम पुन्हा करू लागली आहेत आणि निवृत्तीनंतर त्याकडे वळणारेही आहेत. काम सावकाशीचे आहे, हात आणि डोके दोन्ही गुंतवून ठेवणारे आहे. मात्र त्यातल्या एका रसायनाविषयी ज्येष्ठांनी आधी माहिती करून घ्यावी, म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

फोटोला रंग कसा येतो?

1861 साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने लंडनमध्ये दाखवून दिले की लाल, हिरवा आणि निळा अशा तीन काचांतून तीन वेगळे फोटो घेतले, तर त्यांतून सर्व रंग परत उभे करता येतात. पुढे फ्रान्समधल्या लुई द्युको द्यु ओरोन याने हीच कल्पना कागदावर उतरवली. 1868 साली त्याने तिचे पेटंट घेतले.

डिंकाची पद्धत अशी. तीन निगेटिव्ह तयार करायच्या. लाल काचेतून घेतलेल्या निगेटिव्हवरून निळा थर छापायचा, हिरव्या काचेच्या निगेटिव्हवरून किरमिजी आणि निळ्या काचेच्या निगेटिव्हवरून पिवळा. बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक पाण्यात विरघळवायचा, त्यात जलरंग आणि डायक्रोमेट नावाचे रसायन मिसळायचे आणि ब्रशने कागदावर पातळ थर द्यायचा. थर वाळला की वर निगेटिव्ह ठेवून कागद उन्हात धरायचा. जिथे ऊन लागते तिथला डिंक घट्ट होतो. मग कागद साध्या पाण्यात अर्धा तास पालथा ठेवला की बाकीचा रंग आपोआप सुटतो. कागद वाळवून दुसरा रंग, मग तिसरा. तिन्ही चित्रे एकमेकांवर तंतोतंत बसावीत म्हणून कागद आधीच गरम पाण्यात भिजवून आटवून घेतात.

यात ज्येष्ठांच्या सोयीची एक गोष्ट आहे. हा थर मुख्यतः उन्हातल्या अतिनील किरणांनी बदलतो, त्यामुळे मंद पिवळ्या दिव्यात काम चालते. नेहमीच्या रंगीत फोटोच्या कागदाला मात्र जवळजवळ पूर्ण अंधार लागतो. ओली फरशी आणि अंधार एकत्र आले की पडण्याचे भय, आणि आपल्या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय हे सांगायला नको. शिवाय त्या कागदाच्या डेव्हलपरमधले रसायन केसांच्या कलपातल्या रसायनाच्या कुळातले आहे. कलप लावल्यावर ज्यांना खाज किंवा सूज येते, त्यांनी त्या कामापासून दूर राहावे.

नारिंगी पूड: खरा धोका

डिंक निरुपद्रवी आहे, तो आपण लाडवांत खातो. चांगल्या ट्यूबमधले जलरंग जपून वापरले तर चालतात. धोका आहे तो पोटॅशियम किंवा अमोनियम डायक्रोमेटचा. ही सुंदर नारिंगी रंगाची पूड असते. तिच्यातले क्रोमियम शरीराला तीन वाटांनी इजा करते.

श्वासातून. पूड उडून नाकात गेली तर नाकाच्या आतल्या पडद्याला जखमा होतात. दमा असेल तर तो उसळू शकतो. कारखान्यांत वर्षानुवर्षे अशा क्रोमियममध्ये काम केलेल्या कामगारांना फुफ्फुसाचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. युरोपीय संघात 2017 पासून डायक्रोमेटच्या वापराला खास परवाना लागतो.

त्वचेतून. कातडी चिरलेली असेल तर तिथे लहान, गोल, खोल व्रण पडतो. तो फारसा दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते, आणि भरायला आठवडे लागतात. मधुमेह असलेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. दुसरा त्रास ॲलर्जीचा. ती एकदा जडली की सहसा जन्मभर सोबत करते. सिमेंटमध्ये आणि कमावलेल्या चामड्यातही क्रोमियम असते. आपल्यापैकी ज्यांनी बांधकामावर सिमेंट कालवले आहे आणि ज्यांचे हात तेव्हा फुटून खाजत असत, किंवा ज्यांच्या पायांवर चपलेच्या पट्ट्याखाली चट्टे उठतात, त्यांना ही ॲलर्जी आधीपासून असू शकते.

पोटातून. ही पूड थोडी जरी पोटात गेली तरी जिवावर बेतते. मूत्रपिंडे आणि यकृत निकामी होऊ शकतात. तिचे पाणी दिसायला संत्र्याच्या सरबतासारखे असते. ज्या घरात नातवंडे येतात, त्या घरात ते कधीही ठेवू नये.

म्हणून स्पष्ट सांगायचे तर दमा, मूत्रपिंडाचा आजार, हाताचा इसब किंवा क्रोमियमची ॲलर्जी असलेल्यांनी डायक्रोमेटला हात लावू नये. बाकीच्यांनीही घरी हा उद्योग करू नये. आवड असेल तर जाणत्या शिक्षकाच्या वर्गात जावे. तिथेही पूड न घेता तयार द्रावण वापरले जाते का, नायट्राइलचे हातमोजे मिळतात का आणि उरलेले द्रावण मोरीत न ओतता वेगळे साठवतात का, हे विचारून घ्यावे. विचारण्यात संकोच नको.

घरी करण्यासारखे दोन प्रकार

पहिला निळा छाप, म्हणजे सायनोटाइप. इंग्लंडच्या जॉन हर्शेलने तो 1842 मध्ये शोधला. त्यात लोहाचे दोन क्षार लागतात. कागद उन्हात ठेवून पाण्यात धुतला की गडद निळे चित्र उमटते. गंमत म्हणजे हाच निळा रंग, खास शुद्ध करून, थॅलियमच्या विषबाधेवर औषध म्हणून देतात. म्हणून छापायचे द्रावण चाखून पाहायचे नाही! त्यात आम्ल मिसळू नये, हातमोजे घालावेत आणि स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत.

दुसरा प्रकार हळदीचा, आणि त्यामागचे शास्त्र आपल्या घरातल्या बायकांना पाठ आहे. लुगड्यावर कालवण सांडले की हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि उन्हात वाळत घातला की उडतो. हेच इथे कामाला येते. दोन चमचे हळद अर्धा कप औषधी स्पिरिटमध्ये ढवळून गाळून घ्या. स्पिरिट पेट घेते, म्हणून गॅस बंद असू द्या आणि खिडकी उघडी ठेवा. हे पाणी जाड चित्रकलेच्या कागदावर ब्रशने लावून अंधारात वाळवा. वर दाबून सुकवलेले पान ठेवा, किंवा पारदर्शक कागदावर छापलेला घरचा फोटो ठेवा. इथे निगेटिव्ह नको, नेहमीसारखाच फोटो हवा. वर काच ठेवून दोन ते चार तास उन्हात ठेवा. मग खाण्याच्या सोड्याचे पाणी हलक्या हाताने फिरवले की उरलेली हळद तांबूस होते आणि चित्र खुलते. पालकाच्या रसाने हिरवे आणि बिटाच्या रसाने गुलाबी चित्र होते, पण त्यांना अधिक दिवसांचे ऊन लागते.

उन्हाचे पथ्य

ऊन कागदाला लागते, आपल्याला नव्हे. कागद ठेवून घरात या, पाणी प्या. रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड, हृदयाच्या ठोक्यांसाठी अमियोडॅरोन किंवा डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालू असेल, तर त्वचा थोड्या उन्हानेही भाजते. अशांनी सकाळी लवकर किंवा सावलीतून हात पुढे करूनच काम करावे. बाह्या लांब असाव्यात आणि डोक्यावर टोपी असावी. औषध स्वतःहून बंद करू नये. शंका असल्यास कुपत होलिमच्या डॉक्टरांना विचारावे.

अपघात झाल्यास

कोणतेही रसायन डोळ्यात उडाले तर निदान 15 मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवा. कातडीवर सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि त्यावर मलम चोळत बसू नका. पोटात गेले तर उलटी करवू नका, ताबडतोब 101 वर फोन करा आणि बाटली बरोबर न्या. प्रत्येक बाटलीवर रसायनाचे नाव मराठीबरोबर हिब्रूतही लिहून ठेवा. आपण बोलू शकलो नाही तरी नातवंडांना आणि रुग्णवाहिकेतल्या माणसांना ते वाचता आले पाहिजे.

हळदीचे चित्र कायमचे नसते, भिंतीवर लावले की फिके पडते. ते आल्बममध्ये मिटून ठेवा, अधूनमधून काढून पाहा. फिके झालेच तर डब्यात हळद आहे आणि बाहेर ऊन आहे. नातवंडांना शेजारी बसवून दुसरे करा.