खडकी ते डिमोना : शनिवारची चूल

1964 सालच्या जेरुसलेममधल्या सत्याग्रहाची हकीगत आज सांगायची, असं गेल्या आठवड्यात ठरलं होतं. ती पुढच्या आठवड्यात सांगतो. मधल्या काळात खडकी बाजारातल्या एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय सत्याग्रहाकडे वळू नये असं वाटू लागलं.

बाईंच्या लहानपणी शेजारच्या खोल्यांत एक बेने इस्राएल, म्हणजे मूळचं कोकणातलं यहूदी कुटुंब राहत होतं. घरातले आजोबा दारूगोळा कारखान्यात नोकरीला. शुक्रवारी सूर्य मावळला की त्या घरात काडी ओढायची नाही. मग शनिवारी सकाळी ही मुलगी जायची, स्टोव्ह पेटवायची, चहाचं आधण ठेवायची आणि परत यायची. तिला कुणी बोलवायचं नाही. वेळ झाली की जायचं, एवढं तिला ठाऊक होतं. पुढे ते कुटुंब इस्राएलला गेलं. बाईंनी विचारलं आहे : तिथे त्यांची शनिवारची चूल कोण पेटवत असेल?

या लेखमालेच्या निमित्तानं इतकी पत्रं आली. पण इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. परदेशी गेलेल्या माणसांबद्दल आपण भाषेचं विचारतो, जेवणाचं विचारतो, पगाराचं विचारतो. आठवड्याचं कुणी विचारत नाही. आणि खडकीतून इस्राएलमधल्या बीरशेबा, डिमोना, लोद, अश्दोदला गेलेल्या माणसांशी बोलताना वर्षानुवर्षं माझ्या लक्षात येत गेलं आहे, की त्यांच्या संसाराची सगळ्यात मोठी उलथापालथ आठवड्यातच झाली.

नियमित वाचकांना शनिवारचं माहात्म्य नव्यानं सांगायला नको. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची, म्हणजे बेने इस्राएलांच्या पूर्वजांची, कथा आपण पहिल्याच लेखात पाहिली. पुढची कित्येक शतकं कोकणात ग्रंथ नव्हते, मशीद नव्हती (सिनेगॉगला ही मंडळी मशीदच म्हणत), हिब्रू जवळजवळ विसरली होती. तरी शनिवारी त्यांचा तेलाचा घाणा फिरत नसे. म्हणून गावानं त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. बाकी नेसणं, बोलणं, आडनावं सगळी इथलीच : पेणकर, रोहेकर, झिराडकर, किहीमकर. वेगळा होता तो आठवड्यातला एक दिवस.

घाण्यावर मालक आपणच असतो, त्यामुळे तो थांबवता येतो. खडकीतला कारखाना तसा थांबत नाही. 1869 साली सुरू झालेला दारूगोळा कारखाना, आर्सेनल, सॅपर्सच्या पलटणी या साऱ्यांची सुट्टी रविवारची. इंग्रजी अमदानीत कोकण सोडून लष्करात आणि सरकारी नोकरीत शिरलेल्या बेने इस्राएलांना ती रविवारची सुट्टी पत्करावी लागली. भोंगा शनिवारीही वाजायचा आणि पुरुष कामावर जायचे. मग शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळला कुणी? घरातल्या बायकांनी.

ही गोष्ट आपल्याकडच्या लिखाणात फार कमी येते. शुक्रवारी दुपारपासून त्या घराची घाई सुरू व्हायची. दोन दिवसांचा स्वयंपाक एकदम. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून रस्सा नारळाच्या दुधाचा. पण तो पुण्याच्या उन्हाळ्यात शनिवारपर्यंत टिकत नाही. तेव्हा शनिवारसाठी चिंचेचं किंवा कोकमाचं आंबट घातलेली मासळी. पोळ्या आधीच लाटून फडक्यात गुंडाळलेल्या. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाचं, सरबत केलेलं, कारण शास्त्राला द्राक्षरस हवा आणि वाइन काही दर आठवड्याला परवडत नाही. मग दिवा लावायचा, आणि दिवा लागला की हात आवरायचे. मोठी प्रार्थना असली तर रास्ता पेठेतल्या मशिदीत, म्हणजे 1921 साली बांधलेल्या सुकाथ शेलोमोत जायचं. खडकीहून तिथे चालत जायचं तर दीड तासाची रपेट. वाहन वर्ज्य म्हणून काही जण खरोखरच चालत जात. बाकीचे घरीच प्रार्थना म्हणत.

म्हणजे खडकीतला शब्बाथ घराच्या उंबऱ्याच्या आत होता. उंबऱ्याबाहेर बाजार चालू, शाळा चालू, कारखाना चालू. आत एक बाई काडीपेटीला हात न लावता बसलेली, आणि आतबाहेर ये-जा करणारी शेजारची एक मुलगी. पत्र लिहिणाऱ्या बाईंनी हे ओळखलं असेल की नाही, मला माहीत नाही. पण ते घर आपला धर्म पाळू शकलं त्यात त्यांचाही हात होता.

आता तिकडे चला.

1950च्या परतीच्या कायद्यानं प्रत्येक यहूद्याला इस्राएलमध्ये येऊन राहण्याचा हक्क दिला. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1951 साली, कामाचे तास आणि विश्रांती यांचा कायदा झाला : कामगाराला आठवड्याला सलग किमान 36 तास विश्रांती, आणि यहूदी कामगाराच्या बाबतीत त्यात शनिवार आलाच पाहिजे. शुक्रवारी दुपारी दुकानं बंद, सूर्यास्ताच्या आधी बस बंद. हैफासारखा अपवाद सोडला तर शनिवारी संध्याकाळपर्यंत बस दिसत नसे. काही गावांत शब्बाथ लागताना भोंगा वाजतो. खडकीच्या माणसाला भोंगा म्हणजे कामावर हजर व्हायची वेळ. इथला भोंगा काम थांबवायला सांगत होता. कोकणात शतकानुशतकं जे कष्टानं सांभाळलं, ते इथे सरकारच सांभाळत होतं. पहिल्या शुक्रवारी तो भोंगा ऐकून वडील रडले, असं मला एकाहून अधिक घरांतून ऐकायला मिळालं आहे.

आणि रविवारी सकाळी सहाला उठून कामावर जायचं! पलटणीच्या गावात वाढलेल्या माणसांना हे फार जड गेलं. रविवार म्हणजे उशिरा उठणं, मटण, दुपारची झोप. तो नाहीसा झाला. मुलांची शाळासुद्धा रविवारीच सुरू.

आता चुलीचं. 1949 साली सुरू झालेलं रेशनिंग पुढे दहा वर्षं रेंगाळलं, आणि आरंभीची कुटुंबं पत्र्याच्या झोपड्यांच्या आणि तंबूंच्या छावण्यांत राहिली. तो सारा काळ आपण पाहिलाच आहे. स्वयंपाकाला होता रॉकेलचा वातीचा स्टोव्ह, पतिलिया. शेजारी मोरोक्कोचे, रुमानियाचे, इराकचे. सगळेच यहूदी! तेव्हा शनिवारी येऊन काडी ओढणारं कुणी उरलंच नाही. बाईंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं : तिथे चूल कुणी पेटवत नाही, कारण ती कुणी विझवत नाही. शुक्रवारी सूर्यास्ताआधी वात बारीक करून ठेवायची, वर पत्रा टाकायचा, पातेलं त्याच्यावर. रात्रभर मंद आच. पुढे पतिलियाच्या जागी विजेची तबकडी आली. ती शुक्रवारी लावून ठेवली की शनिवारी रात्रीपर्यंत गरम राहते.

ही साधी युक्ती दिसते. पण तिनं स्वयंपाकघर बदललं. नारळाच्या दुधाचा रस्सा रात्रभर आचेवर फाटतो. चिंचेची मासळी आटून जाते, आणि वाळवंटात मासळी तरी कुठली? बोंबील, सुरमई विसरा. मिळायची ती तळ्यात वाढवलेली कार्प, काटेरी आणि चिखलाच्या वासाची. मग बीरशेबाच्या एका आजींनी मला सांगितलं तसं झालं. समोरच्या मोरोक्कन बाईकडून त्यांनी रात्रभर शिजणारं पातेलं शिकून घेतलं : हरभरे, बटाटे, मांस, कवचासकट अंडी. पहिल्यांदा घरात कुणी खाईना. मग त्यांनी त्यात आलं-लसूण, धने आणि हिरव्या मिरच्या घातल्या, तेव्हा पातेलं रिकामं झालं. शनिवारच्या पोळ्यांची जागा बेकरीच्या गोड पावानं घेतली. पण शुक्रवार रात्रीच्या पानात पोळी राहिलीच. पोळपाट-लाटणं सामानातून आणलेलं होतं.

मात्र बाईंच्या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न दडलेला आहे, आणि माझ्या दृष्टीनं आजच्या लेखाचं कारण तोच आहे. खडकीत या माणसांना वेगळं करणारा दिवस शनिवार होता. सगळा देशच शनिवार पाळू लागल्यावर त्या दिवसानं त्यांच्यासाठी काय केलं?

याचं उत्तर डिमोनासारख्या गावात सापडतं. नेगेवच्या वाळवंटात 1955 साली वसवलेलं हे गाव. कापडाची गिरणी, मृत समुद्राकाठचे खनिजांचे कारखाने, बांधकाम, ही कामं. आठवडाभर माणूस हिब्रूत जगतो. फोरमन हिब्रूत बोलतो, दवाखान्यात हिब्रू, बँकेत हिब्रू. मुलं शाळेतून येतात ती हिब्रूतच भांडत येतात. थकलेल्या आईबापांना संध्याकाळी मराठी शिकवायला सवड नसते. असे सहा दिवस जातात.

मग शुक्रवारी बस थांबते. कुठे जायचं तर पायी जायचं. पायी पोचता येतील अशी माणसं कोण? सरकारनं एका सुमारास आलेल्या कुटुंबांना एकाच वस्तीत घरं दिली होती. त्यामुळे पायी पोचता येतील अशा घरांत मामा, मावशी, कुणी खडकीचे, कुणी पनवेलचे, कुणी भायखळ्याचे. प्रार्थनेलाही पायीच जायचं, म्हणून मशीद जवळ हवी. आणि मोरोक्कन मंडळींच्या चाली आपल्या कानांना परक्या, म्हणून मशीद आपली हवी. अशी बेने इस्राएलांची प्रार्थनाघरं गावोगाव उभी राहिली. तिथे जुन्या हज्जानांच्या, म्हणजे प्रार्थना गाणाऱ्यांच्या, तोंडच्या कोकणी वळणाच्या चाली टिकल्या. प्रार्थना संपली की ओट्यावर मराठी गप्पा. दुपारी कुणाच्या तरी घरी भज्यांऐवजी आधी तळून ठेवलेली शेव, आणि आजीच्या तोंडून सणांची जुनी नावं : नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण, अनाशी ढाकाचा सण, बिरड्याचा रोजा. शाळेत मुलं हेच सण हिब्रू नावांनी शिकत होती. शनिवारी दुपारी त्यांना दोन्ही नावं एकाच वेळी कळायची.

माझं म्हणणं एवढंच, आणि ते मी पूर्ण विश्वासानं मांडतो : खडकीत शनिवारानं या माणसांना यहूदी ठेवलं, आणि डिमोनात शनिवारानंच त्यांना मराठी ठेवलं. 1980च्या दशकात सुरू झालेलं 'मायबोली' हे इस्राएलमधलं मराठी नियतकालिक, तिथे होणारी मराठी कीर्तनं, गाण्याचे कार्यक्रम, यांचं कौतुक आपण करतो ते योग्यच. पण ते वाचणारा आणि ऐकणारा माणूस त्या आधीच्या तीस वर्षांत तयार झाला, तो अशा बिनबसच्या शनिवारांत.

क्रिकेटचंही असंच झालं. वाचकांपैकी काहींना हे आवडणार नाही, पण सांगितलं पाहिजे. इस्राएलमध्ये क्रिकेट रुजवण्यात भारतातून गेलेल्यांचा वाटा फार मोठा. बीरशेबा, डिमोना, अश्दोद, लोद इथल्या संघांत बेने इस्राएल नावं भरलेली. 1979 साली इंग्लंडमध्ये झालेल्या पहिल्या आयसीसी करंडकात इस्राएलचा संघ उतरला होता. आणि हे सामने खेळायचे कधी? सुट्टी शनिवारची, तेव्हा शनिवारी. घरात यावरून वाद झाले. वडील म्हणत, कोकणात घाणा थांबवला तो काय बॅट हातात घ्यायला? मुलगा म्हणे, बाबा, तुम्ही खडकीत शनिवारी कारखान्यात जातच होता की. दोघांच्याही बोलण्यात खरेपणा होता. काही घरांत मुलगा सकाळी मशिदीत आणि दुपारी मैदानावर, अशी वाटणी झाली. काही घरांत पुढच्या पिढीनं शब्बाथ अधिक कडक पाळायला घेतला आणि बॅट माळ्यावर गेली.

बायकांच्या वाट्याला काय आलं, हेही पाहिलं पाहिजे. खडकीत शब्बाथचा सगळा भार आणि त्याचबरोबर सगळा मानही त्यांचा होता; त्यांनी दिवा लावल्याशिवाय शनिवार घरात येत नसे. तिथे तो भार सरकारनं, भोंग्यानं, विजेच्या तबकडीनं उचलला. अनेक जणी आता आठवडाभर गिरणीत, इस्पितळात, स्वयंपाकगृहात नोकरी करत होत्या आणि शनिवारी खरोखर विसावत होत्या. एका आजींना मी विचारलं, कुठला शनिवार बरा? त्या म्हणाल्या, पाठीला तिथला, मनाला इथला.

पुण्यात 1874 साली छापलेल्या हिब्रू-मराठी हग्गादात, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पोथीत, वल्हांडणाची रोटी करणाऱ्या बायकांचं चित्र आहे, अंगावर इथला पेहराव. धर्म स्वयंपाकघरातून चालतो, हे त्या छापणाऱ्यांना नीट माहीत होतं. त्या हग्गादावर एक स्वतंत्र लेख लिहायचा आहे, पावसाळ्याआधी लिहीन.

आता पुढच्या आठवड्याची तयारी. 1962 साली इस्राएलच्या मुख्य रब्बींनी बेने इस्राएलांच्या लग्नांबाबत जे निर्देश काढले, त्यांत वधूवरांच्या वंशाची पिढ्यान् पिढ्या मागे चौकशी सांगितली होती. त्याविरुद्ध 1964च्या उन्हाळ्यात गावोगावची माणसं जेरुसलेममध्ये येऊन बसली आणि ऑगस्टमध्ये नेसेटला, म्हणजे इस्राएलच्या संसदेला, त्यांच्या बाजूनं ठराव करावा लागला. विखुरलेल्या गावांतली साधी कामगार माणसं इतक्या चटकन एकत्र कशी आली, हे कोडं मला पूर्वी सुटत नव्हतं. आजचा लेख लिहिताना माझ्यापुरतं ते सुटलं. ती माणसं दर शनिवारी मशिदीच्या ओट्यावर भेटत होती. ज्यांच्या धर्मावर शंका घेतली गेली, त्यांना एकत्र आणलं ते शब्बाथनंच.

खडकी, बोपोडी, रेंजहिल्स भागात कुणाकडे त्या वर्षांत इस्राएलहून आलेली पत्रं असतील, तर मजकूर कळवा. विशेषतः शनिवारी काय केलं, असं कुणी लिहिलं असेल तर ते मला हवं आहे.